दमा, नाकातलं मांस आणि दुखण्यावरची गोळी : तिन्हींचा संबंध आहे, कृपया वाचा

गोदाकाठ

बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते. मोठं होणार आहे, सवडीने वाचा. पण ज्यांना दमा आहे आणि शिवाय नाकात मांस वाढतं (पॉलिप म्हणतात ते) त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी नक्की वाचा.

माझं वय ४३. चौतिशीपर्यंत सर्दी वर्षातून एखादवेळा व्हायची. मग एक सर्दी झाली ती गेलीच नाही. नाक सतत चोंदलेलं, रात्री तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा. सहा महिन्यांत वास येणं बंद झालं. दूध करपून भांडं काळं व्हायचं आणि मी त्याच ओट्याशी उभी असायचे, सासूबाई आतल्या खोलीतून ओरडत यायच्या तेव्हा कळायचं. गॅसची तर इतकी भीती बसली की झोपायच्या आधी तीनदा रेग्युलेटर बघायचे. पुढे वर्षभरात दमा लागला. लहानपणी नव्हता, माहेरी कुणाला नाही, त्यामुळे सगळ्यांनाच नवल. नाकाचं ऑपरेशन झालं, आठ महिने छान गेले आणि परत मांस वाढलं. ॲलर्जीच्या टेस्ट झाल्या, धूळ, परागकण, झुरळ, शेंगदाणा, सगळं निगेटिव्ह.

मग दाताचं निमित्त झालं. रूट कनाल केलं, दुखण्यावरची गोळी मिळाली, जेवून घेतली. पाऊण तासात नाक गच्च, डोळे लाल, चेहरा तापल्यासारखा, आणि मग छातीत शिट्टी सुरू झाली ती इतकी वाढली की वाक्य पुरं करता येईना. पंप चार वेळा मारला, काही उपयोग नाही. नवऱ्याने रिक्षात घालून नेलं, दोन दिवस ऑक्सिजनवर होते. तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिने तीन प्रश्न विचारले. दमा आहे का? नाकाचं ऑपरेशन झालंय का? आज दुखण्यावरची गोळी घेतली का? चार वर्षांत हे तीन प्रश्न एकत्र कुणी विचारलेच नव्हते. नाकाचे डॉक्टर नाक बघत होते, छातीचे डॉक्टर छाती, आणि दाताच्या डॉक्टरांना मी दम्याचं सांगितलंच नव्हतं कारण दाताचा आणि दम्याचा काय संबंध असं मला वाटलं.

या आजाराला एईआरडी (ॲस्पिरिनने बळावणारा श्वासमार्गाचा आजार) म्हणतात, जुनं नाव सॅम्टर्स ट्रायड. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या न सोसणं, ही तीन टोकं. ॲस्पिरिन बाजारात आलं १८९९ साली. पॅरिसमध्ये विडाल नावाच्या डॉक्टरांनी ही तीन लक्षणं एकत्र असलेली रुग्ण १९२२ मध्येच नोंदवली होती, पण ते मागे पडलं. मग १९६८ मध्ये शिकागोच्या मॅक्स सॅम्टर यांनी रोलंड बीअर्स यांच्यासोबत परत सविस्तर लिहिलं आणि नाव सॅम्टरांचं लागलं. दमा असलेल्या शंभर मोठ्या माणसांतल्या साधारण सात जणांना हा प्रकार असतो आणि दमा तीव्र असेल तर शंभरात पंधरा. म्हणजे हे दुर्मिळ वगैरे नाहीये, ओळखलं जात नाही एवढंच.

आता कारण, मला समजलं तसं सांगते. पेशींच्या आवरणात ॲराकिडोनिक ॲसिड असतं. शेतातल्या पाटाला दोन फाटे असावेत तसं त्याचं आहे. एका फाट्यावर कॉक्स नावाचं एन्झाइम, तिथून प्रोस्टाग्लँडिन बनतात. दुसऱ्या फाट्यावर ल्युकोट्राइन, जी श्वासनलिका आवळतात आणि सूज आणतात. ॲस्पिरिनने पहिला फाटा बंद केला की सगळं पाणी दुसऱ्यात घुसतं. जाणकारांनी चुकलं असेल तर दुरुस्त करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी धागा काढला: गोळी टाळली म्हणजे आजार गेला असं नाही. गोळी फक्त आजार उघड करते. आत जे चाललंय ते गोळी न घेताही रोज चालूच असतं.

केतकी७

बापरे. माझ्या दादाचं अगदी हेच, ३६ वर्षांचा आहे, दोनदा पॉलिप काढलेत, दमा आहे, वास नाही. गोळीने कधी त्रास झाल्याचं मात्र त्याला आठवत नाही. दोन शंका. ॲलर्जीच नसेल तर टेस्ट निगेटिव्ह येणारच, बरोबर ना? मग गोळीने इतका त्रास ॲलर्जीसारखाच का होतो? आणि पॅरासिटामॉलचं काय? ताप आला तर आमच्याकडे तेच देतात.

रसायन_वाचक

गोदाकाठ ताई, फार चांगलं लिहिलंत. फार्मसी कॉलेजात हा विषय शिकवतो म्हणून थोडी भर. पाटाचं चित्र सोपं आहे, मीही पहिल्या तासाला तेच सांगायचो, पण नुसतं पाणी वळलं असं मानलं तर एक प्रश्न सुटत नाही. कॉक्स तर आपल्या सगळ्यांचं बंद होतं, मग डोकेदुखीला डिस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) घेणारे बाकीचे लोक का नाही गुदमरत?

कॉक्स दोन आहेत, कॉक्स-१ आणि कॉक्स-२. दोन्हींकडून इतर गोष्टींबरोबर प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं, थोडक्यात पीजीई२. श्वासमार्गात हे पीजीई२ राखणदाराचं काम करतं. ल्युकोट्राइन बनवणाऱ्या एन्झाइमला आवर घालतं आणि मास्ट पेशींना (ॲलर्जीत फुटून त्रास देणाऱ्या त्या पेशी) शांत ठेवतं. म्हणजे ताई, पाणी वळत नाही, दुसऱ्या फाट्याचं दार धरून बसलेला माणूस उठून जातो. निरोगी माणसात असे राखणदार भरपूर असतात. एईआरडीच्या रुग्णाच्या पॉलिपमध्ये मात्र कॉक्स-२ मुळातच कमी असतं आणि पीजीई२ चा निरोप घेणारे रिसेप्टरही कमी असतात, त्यामुळे सगळी भिस्त कॉक्स-१ वर. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक या सगळ्या गोळ्या कॉक्स-१ दाबतात. उरलासुरला एकच राखणदार तोही गेला.

त्यात दाराच्या पलीकडे पाणी आधीच तुंबलेलं असतं. या रुग्णांच्या इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि मास्ट पेशींमध्ये ल्युकोट्राइन सी४ बनवणारं एन्झाइम जास्त असतं. शिवाय रक्तातल्या प्लेटलेट इओसिनोफिलना चिकटून बसतात, इओसिनोफिल कच्चा माल देतो आणि प्लेटलेट त्याचं ल्युकोट्राइन करून देते, अशी दोघांची भागीदारी. मला हा भाग शिकवताना दरवेळी थांबावंसं वाटतं, कारण प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारी पेशी एवढंच आपण शाळेपासून ऐकत आलोय. याचा शेवटचा पदार्थ, ल्युकोट्राइन ई४, लघवीत मोजता येतो. या रुग्णांत तो गोळी न घेताही वाढलेला असतो आणि गोळी घेतल्यावर आणखी कितीतरी वर जातो. ताईंनी शेवटी जे लिहिलंय की आजार रोज चालूच असतो, त्याचा हा थेट पुरावा.

केतकी, तुझी पहिली शंका. नेहमीच्या ॲलर्जीत आयजीई नावाची अँटिबॉडी एखादा पदार्थ ओळखते आणि मास्ट पेशी फुटते. इथे ॲस्पिरिनला कुणी ओळखत नाही, राखणदार गेला म्हणून मास्ट पेशी फुटते. पेशी तीच, म्हणून त्रास सारखाच दिसतो. पोलंडमधल्या क्राकूवच्या आंद्झेय श्चेक्लिक यांनी १९७५ मध्ये हेच दाखवलं, की रेणूची रचना एकमेकांशी न जुळणाऱ्या गोळ्यासुद्धा त्याच रुग्णाला त्रास देतात, आणि जी गोळी कॉक्स जास्त दाबते ती जास्त त्रास देते. ॲलर्जी असती तर एका रचनेची गोळी बाधली असती, दुसऱ्या रचनेची नसती. चारच वर्षं आधी, १९७१ मध्ये जॉन वेन यांनी ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतं हे शोधलं होतं, त्याचं १९८२ ला नोबेल मिळालं. एका शोधावर दुसरा किती पटकन उभा राहिला बघा.

पॅरासिटामॉल कॉक्स-१ अगदी थोडं दाबतं, म्हणून एका वेळी ५०० मिलिग्रॅम बहुतेकांना चालतं, एकदम १००० घेतलं तर काहींना सौम्य त्रास होतो. सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब फक्त कॉक्स-२ वर जातात, ती बहुतेकांना सोसतात, पण पहिला डोस डॉक्टरसमोरच घ्यायचा.

गोदाकाठ

राखणदार उठून गेला हे फारच नीट समजलं, धन्यवाद. पाच वर्षं मी चुकीचं चित्र डोक्यात घेऊन फिरत होते. मूळ धाग्यातलं बदलत नाही, खाली तुमची दुरुस्ती राहू दे म्हणजे वाचणाऱ्यालाही दोन्ही दिसेल.

कान_नाक_घसा

नमस्कार. वीस वर्षं प्रॅक्टिस आहे, या आजाराचे पुष्कळ पेशंट बघितलेत म्हणून कळकळीने लिहितोय.

केतकी, तुमच्या भावाला गोळीचा त्रास आठवत नाही म्हणून तो सुटला असं धरू नका. काही जण वर्षानुवर्षं ही गोळीच घेत नाहीत. काहींचा त्रास नुसता नाक चोंदण्यापुरता असतो, तो सर्दीच्या खाती जातो. आणि एखाद्याने विशीत कॉम्बिफ्लाम (त्यात आयब्युप्रोफेन असतं) आरामात घेतली असेल तर पस्तिशीत ती चालेलच असं नाही, कारण हा आजार बहुधा तिशीच्या आसपास सुरू होतो. रक्ताची किंवा त्वचेची टेस्ट यासाठी नाही. खात्री करायचीच तर हॉस्पिटलमध्ये, फुफ्फुसांची क्षमता मोजत, अगदी थोड्या डोसने सुरू करून ॲस्पिरिन देऊन बघतात. ३० मिनिटं ते ३ तासांत उत्तर मिळतं. हा प्रयोग घरी कधीही, कुणीही करू नये. एक मात्र तुम्ही आज विचारू शकता. बिअर किंवा वाइनच्या दोन घोटांत नाक बंद होतं का? या आजाराच्या चारपैकी तिघांना दारूने नाकाचा किंवा छातीचा त्रास होतो, आणि ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

ऑपरेशनबद्दल. पॉलिप काढणं म्हणजे गवत कापणं, मूळ तसंच राहतं. पण म्हणून ऑपरेशन वाया गेलं म्हणू नका. सायनस मोकळे झाले की नाक धुण्याच्या मिठाच्या पाण्यात स्टिरॉइड घालून ते आतपर्यंत पोचवता येतं, एरवी स्प्रे दारातच अडतो. ऑपरेशननंतर पेशंट दोन महिने नाक धुतो, बरं वाटलं की सोडतो, आणि वर्षाने परत येतो. हे बघून मनापासून वाईट वाटतं. नाक धुणं दात घासण्यासारखं रोजचं आहे.

माँटेल्युकास्ट ही गोळी ल्युकोट्राइनचा रिसेप्टर अडवते, त्यामुळे या आजारात तिला विशेष अर्थ आहे. पण काही लोकांना तिने उदासी, चिडचिड, वाईट स्वप्नं असा त्रास होतो, अमेरिकेत २०२० पासून त्याची ठळक सूचना दिली जाते. घरच्यांनी स्वभावात बदल दिसला तर लगेच सांगायचं.

सोलापुरी_चादर

डॉक्टर एक अडचण आहे, उत्तर दिलंत तर उपकार होतील. वडील ६१ वर्षांचे, जुना दमा आणि पॉलिप, ॲस्पिरिनचं वावडं फाइलवर लाल अक्षरात लिहिलेलं आहे. आता अँजिओग्राफी झाली आणि स्टेंट टाकायचा म्हणतात, त्यानंतर ॲस्पिरिन लागणार म्हणतात. छातीचे डॉक्टर म्हणतात देऊ नका, हृदयाचे म्हणतात दिलंच पाहिजे, आणि आम्ही दोन्हीकडच्या चिठ्ठ्या घेऊन मधे उभे आहोत.

कान_नाक_घसा

घाबरू नका, यावर मार्ग आहे. त्याला डीसेन्सिटायझेशन म्हणतात. हॉस्पिटलमध्ये अगदी लहान डोसपासून ठरावीक वेळाने वाढवत नेत शरीराला ॲस्पिरिन सोसायला लावतात, आणि एकदा सोसलं की रोज घेत राहायचं. स्टेंटसाठी लागणारा डोस तसाही लहान असतो. दुसरी गोष्ट, स्टेंटनंतर जोडीला देतात ते क्लोपिडोग्रेल कॉक्सला हात लावत नाही, त्याने हा त्रास होत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, चिठ्ठ्यांवर हे होणार नाही. छातीच्या डॉक्टरांना नेमकं असं विचारा: ॲस्पिरिन डीसेन्सिटायझेशन करता येईल का आणि कुठे? दमा आधी आटोक्यात हवा.

मिशिगनकर

इथे अमेरिकेत बायकोला हा आजार आहे म्हणून बायोलॉजिकबद्दल (आजारातला एखादाच रेणू नेमका अडवणारी इंजेक्शनं) लिहितो. पॉलिपसाठी डुपिलुमॅबला इथे २०१९ मध्ये मान्यता मिळाली, मग ओमालिझुमॅबला २०२० मध्ये आणि मेपोलिझुमॅबला २०२१ मध्ये. बायकोला दर दोन आठवड्यांनी डुपिलुमॅबचं इंजेक्शन असतं, घरीच टोचते. तिसऱ्या डोसनंतर एके सकाळी तिला शॅम्पूचा वास आला आणि ती बाथरूममधून हाका मारायला लागली. इन्शुरन्स आहे म्हणून परवडतं, नसता तर विचारही केला नसता, हे प्रामाणिकपणे सांगतो. रसायन_वाचक, मला एक कळत नाही. तुम्ही म्हणालात यात आयजीईचा हात नाही, मग ओमालिझुमॅब तर आयजीईच पकडतं ना, ते का चालतं?

रसायन_वाचक

अगदी मोक्याचा प्रश्न. गोळीची ठिणगी पडते त्यात आयजीई नाही. पण आधीपासून जी आग धुमसतेय तिच्यात आहे.

ती आग अशी. नाकाचा, श्वासनलिकेचा वरचा थर चिडला की तो टीएसएलपी आणि आयएल-३३ असे धोक्याचे निरोप सोडतो. ते मास्ट पेशी आणि आयएलसी-२ नावाच्या पेशी उचलतात आणि मग आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ हे पुढचे निरोप तयार होतात. आयएल-५ इओसिनोफिलना जगवतं. आयएल-१३ ने शेंबूड आणि सूज वाढते. आणि आयएल-४ काय करतं तर कॉक्स-२ आणि पीजीई२ बनणंच कमी करतं, म्हणजे राखणदारांची भरतीच थांबवतं! त्यात मास्ट पेशींतून प्रोस्टाग्लँडिन डी२ निघतं, नाव ई२ च्या शेजारचं पण काम उलट, ते आणखी इओसिनोफिल आणि आयएलसी-२ ओढून आणतं. ल्युकोट्राइन परत वरच्या थराला चिडवतात. असं हे चाक फिरत राहतं.

आता औषधं जागेवर ठेवून बघा. मेपोलिझुमॅब आयएल-५ पकडतं. डुपिलुमॅब आयएल-४ आणि १३ दोघांचा सामाईक रिसेप्टर बंद करतं, म्हणून त्यावर असलेल्या रुग्णांच्या नाकात पीजीई२ वाढलेलं आणि लघवीतलं ल्युकोट्राइन ई४ कमी झालेलं दिसतं. टेझेपेलुमॅब सगळ्यात वरचा निरोप, टीएसएलपी, अडवतं, ते दम्यासाठी २०२१ मध्ये आलं. आणि ओमालिझुमॅब: पॉलिपमध्ये आयजीई भरपूर असतं आणि ते मास्ट पेशींना सतत टोचत, जागं ठेवतं. ते काढून घेतलं की मास्ट पेशी निवतात. काही रुग्ण तर या औषधावर असताना ॲस्पिरिन सोसू लागतात.

पाऊलवाट

चांगला धागा. एक विचारायचं होतं. मला कुणीतरी टोमॅटो, द्राक्षं, मसाले, सगळं बंद करायला सांगितलं होतं, त्यात सॅलिसिलेट असतं म्हणून. तीन महिने अळणी खाऊन काढले, फरक शून्य. करायला हवं का हे?

कान_नाक_घसा

अन्नातलं सॅलिसिलेट ॲस्पिरिनसारखं कॉक्स-१ ला पक्कं बांधून टाकत नाही. मी माझ्या पेशंटना असलं पथ्य सांगत नाही. जेवा नीट. त्यापेक्षा दुखऱ्या गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चोळताना आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर केटोरोलॅकचे थेंब लिहून दिले असतील तर विचार करा, तेही त्याच जातीचे आहेत.

गोदाकाठ

आता माझं डीसेन्सिटायझेशन, कारण व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) चार जणांनी विचारलं. हे औषध म्हणूनही वापरतात, नुसतं स्टेंटसाठी नाही. कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स क्लिनिकमधल्या डोनाल्ड स्टीव्हनसन यांच्या गटाने १९८० मध्ये याबद्दल लिहिलं आणि पुढे शेकडो रुग्णांवर केलं.

माझं दुसरं ऑपरेशन झाल्यावर चार आठवड्यांनी केलं. पॉलिप परत उगवायच्या आत करायचं असतं. दोन दिवस ॲडमिट. पहिला डोस साधारण ४० मिलिग्रॅम, मग थांबायचं, दर अर्ध्या तासाने नळीत फुंकायचं. दुसऱ्या डोसला नाक वाहायला लागलं, छाती जड झाली. ज्या गोळीने मी मरता मरता वाचले तीच गोळी नर्स हातात देतेय, त्या वेळी हात थरथरत होता हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वाफ दिली, तीन तासांत ओसरलं, आणि तोच डोस परत दिला. या वेळी काहीच झालं नाही. मग वाढवत ३२५ पर्यंत. एकदा झटका येऊन गेला की पुढचे दोन-तीन दिवस शरीर शांत असतं, त्याच फटीत पाय रोवायचा आणि रोज गोळी घेऊन ती फट उघडी ठेवायची. रोज घेत राहिलं की प्रोस्टाग्लँडिन डी२ कमी होतं आणि ल्युकोट्राइन पकडणारे रिसेप्टरही नाकातल्या पेशींवर कमी होतात असं मला समजावलं.

सुरुवातीला ६५० दोन वेळा होतं, आता ३२५ दोन वेळा, सोबत पित्ताची गोळी. पोटात जळजळ होते, खरचटलं तर रक्त जरा जास्त वेळ येतं. अल्सर असलेल्यांना, गरोदर बायकांना हे करत नाहीत. आणि दोन दिवसांच्या वर खंड पडला तर घरी परत सुरू करायची नाही, सरळ हॉस्पिटल. एकदा गावी लग्नाला गेले आणि गोळ्यांचा डबा घरी राहिला, नवरा रात्री एसटीने परत येऊन घेऊन गेला.

पाचव्या महिन्यात एका दुपारी बेडरूममध्ये होते आणि उठून स्वयंपाकघरात गेले. का उठले ते मलाच कळलं नाही. दूध करपायला लागलं होतं. गॅस बंद केला आणि भांड्यावर वाकून तो करपट वास घेत राहिले. सासूबाई आल्या, त्यांना वाटलं मी दुधासाठी रडतेय.

केतकी७

ताई, वाचून मलाच भरून आलं. अपडेट: दादाला विचारलं. दोन घोटांत नाक बंद होतं म्हणाला, आणि त्याला वाटायचं सगळ्यांनाच होतं. त्याने छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, हॉस्पिटलमध्ये टेस्ट करायची ठरलीय. आता अडचण अशी की त्याआधी शनिवारी त्याची अक्कलदाढ काढायची आहे.

कान_नाक_घसा

दाताच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. आजार नक्की होईपर्यंत आहे असंच समजून चालायचं. जागा बधिर करायच्या इंजेक्शनची अडचण नाही. नंतर दुखण्याला ५०० चं साधं पॅरासिटामॉल, दोन औषधं मिसळलेली जोडगोळी नको, पाकिटावरचं बारीक वाचा. पंप खिशात ठेवायचा.

गोदाकाठ

आणि केतकी, एका कागदावर गोळ्यांच्या ब्रँडची नाही तर आतल्या घटकांची नावं लिही, रसायन_वाचक यांनी दिलेली सातही. ब्रँड बदलतात, घटक तेच राहतात. रस्त्यात काही झालं आणि बेशुद्ध असताना कुणी दुखण्याचं इंजेक्शन द्यायला गेलं तर तो कागद सापडला पाहिजे.

केतकी७

लिहिली. एक प्रत दादाच्या पाकिटात, एक वहिनीच्या पर्समध्ये, एक मोबाइलच्या कव्हरमागे. दाताच्या दवाखान्यातही फोन झाला, त्यांनी फाइलवर लिहून घेतलं. शनिवारी कळवते.